चार टॅब, एक एंटर

आमच्या सरांना कॉम्प्युटरमधलं काही येत नव्हतं. इतकं साधं वाक्य, पण ते बोलायला मला बरीच वर्षं लागली, कारण तेव्हा अंबाजोगाईत हे ओळखू शकेल असं माणूसच आमच्या माहितीत नव्हतं. वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात. आमची गाय लंगडीसुद्धा नव्हती, ती बसलेलीच होती. आम्ही पंधरा वासरं रोज तिच्यासमोर वह्या उघडून बसायचो.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. आधी एसटीडी बूथ आले, मग केबल आली, मग कॉम्प्युटर आला, आणि ज्याच्याकडे रिकामा गाळा होता तो दर वेळी बोर्ड बदलत राहिला. सर मूळचे विहिरीवरच्या मोटारी भरून देणारे. जळालेली मोटार उघडून तांब्याची तार नव्याने गुंडाळायची, हे काम त्यांना फार चांगलं यायचं असं जुने लोक सांगत. असेल. माणसाला एखादी गोष्ट येतच असते. पण कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं की आता जमाना कॉम्प्युटरचा आहे, आणि त्यांनी त्याच गाळ्याला आतून निळा रंग देऊन तीन कॉम्प्युटर मांडले. खिशातला टेस्टर मात्र तसाच राहिला.

रोज सकाळी ते तिन्ही डब्यांना तो टेस्टर लावून बघायचे. मग तळहाताची मागची बाजू डब्यावर ठेवायचे, लहान मुलाचा ताप बघतात तशी. मग कान लावायचे. "आवाज चांगला हाय," असं ते म्हणाले की तास सुरू व्हायचा. एखाद्या दिवशी ते "आज घरघर करायलंय" म्हणाले की त्या मशीनला सुटी. तिला सुटी म्हणजे तिच्यावर बसणाऱ्या पाच जणांनाही सुटी, आणि ती भरून मिळायची नाही.

चपला बाहेर काढायच्या. पाय धुऊन, पण कोरडे करून आत यायचं. मुलींनी ओले केस मोकळे सोडून यायचं नाही, कारण "दमट हवा आत गेली की व्हायरस व्हतो." हे त्यांनी इतक्या ठामपणे सांगितलं होतं की आमच्यातल्या एकीने न्हाण्याचा वारच बदलला. ती मी नव्हे, असं सांगायला मला आवडलं असतं.

क्लासच्या भिंतीवर योगेश्वरी देवीचा फोटो होता आणि त्या फोटोशेजारी खिळ्याला एक सीडी टांगलेली होती. कॉम्प्युटर बसवायला लातूरहून आलेल्या माणसाने जाताना ती सरांच्या हातात दिली होती आणि "ही जपून ठेवा" असं सांगितलं होतं. आमच्याकडे जपून ठेवायच्या वस्तूला दोनच जागा असतात, कपाट नाहीतर देव्हारा. क्लासला कपाट नव्हतं. सीडीला मधोमध भोक असल्यामुळे खिळ्याची सोय आयतीच झाली. दसऱ्याला सरांनी ओल्या कुंकवाची पाच बोटं तिच्या चकचकीत बाजूवर उमटवली, आणि तेव्हापासून रोज सकाळी जी मुलगी आधी येईल तिने फोटोला आणि सीडीला उदबत्ती ओवाळायची असा नियम झाला. मी लवकर येणारी होते. वर्षभरात सगळ्यात जास्त उदबत्त्या मीच ओवाळल्या असतील.

आता लवकर का यायचे, तेही सांगते. मी चौसाळ्याची. हायवेला लागून अप्पांचं किराणा दुकान. मी अंबाजोगाईला मावशीकडे राहून बी.ए. झाले होते, आणि तेलगावचं एक स्थळ तेव्हापासून आमच्या उंबऱ्याशी येऊन थांबलं होतं. मुलगा वाईट नव्हता. पण मला नोकरी करायची होती, स्वतःच्या नावाची, बीडला खोली घेऊन. हे अप्पांना सांगितलं तेव्हा ते ओरडले नाहीत. तागडीतली डाळ ओतून झाल्यावर म्हणाले, "एक वर्स थांबतो. नौकरी लागली तर तू म्हणशील तसं. न्हाई लागली तर मंग मी म्हणल तसं." एवढा सरळ सौदा आमच्या घराण्यात कुठल्याच मुलीला मिळाला नव्हता. ते एक वर्ष मी सरांच्या हवाली केलं.

क्लासला लागून दोन महिने झाले असतील, एका वादळी दुपारी वीज जाऊन आली आणि तिन्ही कॉम्प्युटर चालू होईनात. सरांनी दार लावून घेतलं आणि दोन दिवस आत काहीतरी केलं. त्यांना एकच इलाज माहीत होता, फॉरमॅट मारणे. म्हणजे कॉम्प्युटरमधलं सगळं पुसून टाकायचं आणि टेबलाच्या खणातल्या दुसऱ्या सीड्यांवरून तो नव्याने भरायचा. मोटार जळाली की जुनी तार काढून नवी गुंडाळायची, तसंच त्यांनी ते समजून घेतलं होतं. तिसऱ्या दिवशी आम्ही आत गेलो तर पडद्यावरचं सगळं दुप्पट मोठं झालेलं. चित्रं जाडजूड, अक्षरं ठोकळ्यासारखी, रंग मोजून सोळा. पडद्यावर देवीचा फोटो लावलेला होता, तिच्या चेहऱ्यावर गोवर निघाल्यासारखे ठिपके.

माझ्याबरोबर संगीता नावाची धारूरची मुलगी होती. तिला गप्प बसता यायचं नाही. ती म्हणाली, "सर, हे असं कावून दिसायलंय? मोठं मोठं?"

सर एक क्षणही अडखळले नाहीत. हा माणूस कधीच अडखळायचा नाही, त्याची सगळी कमाई तीच होती. "मास्तर फळ्यावर अक्षर बारीक काढतो का मोठं?"

"मोठं."

"मंग? शिकताना मोठंच पायजे. मी मुद्दाम केलंय."

आठवड्याभरात बाहेरच्या बोर्डावर एक ओळ वाढली, 'येथे मोठ्या अक्षरात संगणक शिकविला जातो'. ती वाचून दोन नवे विद्यार्थी आले.

पण एक अडचण होती. आम्ही ज्या प्रोग्राममध्ये मराठी पत्रं टाइप करायला शिकत होतो, त्याची खिडकी आता पडद्यात मावेना. साठवा, छापा, ही बटनं त्या खिडकीच्या अगदी तळाला असायची, आणि तळ पडद्याच्या खाली गेलेला. पत्र टाइप व्हायचं, पण साठवायचं कुठे दाबून? दुसऱ्या कुणी कुणाला तरी विचारलं असतं. लातूरच्या माणसाला एक फोन केला असता, एसटीडी बूथ समोरच होता. पण विचारणं म्हणजे आपल्याला येत नाही असं कबूल करणं. सर त्यापेक्षा एक दिवस कॉम्प्युटरसमोर बसून राहिले, कळा दाबत, आणि संध्याकाळी त्यांना शोध लागला. पत्र संपलं की टॅबची कळ चार वेळा दाबायची आणि मग एंटर. पडद्याच्या खाली, न दिसणाऱ्या जागी, साठवायचं बटन दाबलं जातं.

"दिसंना म्हंजे न्हाई, असं थोडंच हाय?" ते आम्हाला म्हणाले. "देव दिसतो का? तरी हात जोडताव ना?"

मग त्याची तालीम सुरू झाली. मोजणी चुकू नये म्हणून डोळे मिटायचे आणि सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, एक, दोन, तीन, चार, एंटर. सतरा तरणीताठी पोरं डोळे मिटून कळा मोजतायत आणि एक माणूस खिशात टेस्टर घेऊन त्यांच्यामधून फिरतोय. "डोळे कुणी उघडले?" असं मधूनच दरडावतोय. बाहेरून जाणारे लोक थांबून बघायचे आणि त्यांना वाटायचं, केवढं कठीण शास्त्र आहे. मी यात पहिली होते. माझी मोजणी कधीही चुकली नाही. सर माझं उदाहरण द्यायचे आणि मला, लाज वाटते सांगायला, अभिमान वाटायचा.

छापायचं त्यांचं तंत्र याहून थोर. कीबोर्डावर एक कळ असते, ती पडदा जसा दिसतो तसा उचलते. सरांना छापायला ती एकच कळ माहीत झाली होती. म्हणून त्यांच्या क्लासचं प्रमाणपत्र म्हणजे पडद्यावर जेवढं दिसेल तेवढंच. नक्षीची चौकट तीन बाजूंनी, उजवीकडची कापलेली. कुणी विचारलं तर म्हणायचे, "ती बाजू उघडी ठेवलीया. प्रगतीला वाट."

वर्ष संपायला आठ दिवस राहिले असताना मला बीडहून परीक्षेला बोलावणारं पत्र आलं. बियाण्यांची एक एजन्सी होती, तिला ऑपरेटर हवा होता. अप्पा स्वतः मला घेऊन गेले. मी आत परीक्षेला आणि ते बाहेर बाकावर, टोपी मांडीवर घेऊन.

प्रोग्राम तोच होता. ओळखीचं माणूस दिसावं तसा आनंद झाला मला. फक्त सगळं बारीक, नेटकं, आणि पडदा केवढा तरी मोकळा. तिथल्या साहेबांनी दुकानदारांना पाठवायचं एक पत्र दिलं. मी न चुकता टाइप केलं, माझ्या आधीच्या मुलापेक्षा लवकर. मग डोळे मिटले. एक, दोन, तीन, चार, एंटर.

डोळे उघडले तर पत्र गेलेलं. त्यांचा प्रोग्राम जरा नवा होता, त्यात एका बटनाची भर होती, आणि माझ्या चौथ्या टॅबवर 'पुसा' होतं.

"होतं असं," साहेब म्हणाले. "परत करा. घाबरू नका."

मी परत केलं. घाम सुटला होता, पण बोटं चालत होती. शेवटची ओळ आली, पूर्णविराम दिला, आणि माझे डोळे पुन्हा मिटले. मी मिटले नाहीत, ते मिटले. एक, दोन, तीन, चार. बोटाने एंटर दाबल्यावर मला साहेबांचा आवाज आला.

"बाई, डोळे कावून मिटता? बटन समोर हाय की!"

खोलीतले दोघे-तिघे हसले. मी बघितलं. पडद्याच्या तळाला ओळीने बटनं होती, स्वच्छ, नावं लिहिलेली. साठवा. छापा. पहिल्यापासून तिथेच होती. वर्षभर मला शिकवलं होतं की ती दिसत नसतात, म्हणून मी बघितलंच नव्हतं.

साहेब भला माणूस होता. नोकरी दुसऱ्याला दिली, ते योग्यच होतं. पण मला बसवून त्यांनी विचारलं, कुठे शिकलात, तिथे कसं दिसतं. मी सांगितलं तसं त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, डिस्प्लेचा ड्रायव्हर, म्हंजे पडदा चालवायचा प्रोग्राम, टाकला नसंल. फॉरमॅट मारला की तो परत टाकावा लागतो, न्हाईतर कॉम्प्युटर पडद्याच्या कार्डाला ओळखतच न्हाई, मोठं मोठंच दिसतं. कॉम्प्युटरसंगं एक सीडी आली असंल बघा. ती घातली की दहा मिन्टाचं काम हाय." आणि त्यांनी माझ्या बोलावण्याच्या पत्राच्या मागे ते काम पायरी-पायरीने लिहून दिलं.

मी ते वाचत बसले होते आणि माझ्या डोळ्यांपुढे खिळा आला.

परतीच्या एसटीतून चौसाळ्याला उतरताना अप्पा म्हणाले, "मंग तेलगावला निरोप धाडतो." सौदा सौदा होता. मी मान हलवली आणि दुसरी गाडी धरून अंबाजोगाईला गेले.

दुसऱ्या दिवशी मी चपला घालून क्लासमध्ये शिरले. सरळ भिंतीपाशी गेले आणि खिळ्यावरची सीडी काढली.

"ए, ए! काय करायलीस?" सर उठले. "हात लावू नको तिला! देवाची हाय ती!"

"कॉम्प्युटरची हाय," मी म्हणाले. माठातलं पाणी ओढणीच्या टोकाला घेऊन मी पाच बोटांचं कुंकू पुसलं, एक-एक करून. पोरं उभी राहिली होती. सर टेस्टर हातात घेऊन दारापाशी थांबले होते, जसा काही आता स्फोट होणार. मी सीडी आत सरकवली, कागदावर लिहिलं होतं तसं केलं, मशीन बंद करून चालू केली. मग पडद्याच्या मापाची ती सरकपट्टी शोधली, जी आमच्याकडे वर्षभर जागची हलली नव्हती. ती सरकली.

पडदा एकदा काळा झाला आणि उजळला. देवीच्या चेहऱ्यावरचे ठिपके गेले होते. मी पत्राची खिडकी उघडली आणि तळाला बटनांची ओळ दिसली.

संगीता माझ्या खांद्यावरून वाकली. "अगं बया! हितंच होतं व्हय?"

कुणी हसलं नाही. सगळे सरांकडे बघायला लागले. मला वाटलं, आता तरी. आता तरी हा माणूस म्हणेल की मला ठाऊक नव्हतं, चुकलं. तेवढं म्हणाला असता तर मी हे सगळं लिहिलं नसतं.

सर पुढे आले, पडद्याला डोळे लावून दोन मिनिटं बघत राहिले. मग म्हणाले, "लई बारीक झालं. पोरींचे डोळे जातेल."

त्या रात्रीत त्यांनी मशीनला फॉरमॅट मारला. सकाळी पडदा पुन्हा मोठा, देवीला पुन्हा गोवर, आणि पोरांची वर्षभराची पत्रं त्या पुसापुशीत गेली ती गेलीच. सीडी खिळ्यावर होती, ताजं कुंकू लावून. मला दारातच प्रमाणपत्र मिळालं, 'अ' श्रेणी, उजवी बाजू उघडी. "तुझं शिक्षण पूर्ण झालं," सर म्हणाले. "आता यायचं कारण न्हाई." मी नुसती रागावलेली नव्हते हे त्यांनी ओळखलं असावं. मला त्यांची किळस आली होती. न येणं हा गुन्हा नाही, कुणालाच येत नव्हतं. पण समोर आलेलं उत्तर रात्रीतून पुसून टाकायचं, कारण ते आलं तर आपली चार टॅबची विद्या रद्दी होते, याला माझ्याकडे दुसरा शब्द नाही.

लग्न चौसाळ्यालाच झालं, दुकानामागच्या मोकळ्या जागेत मांडव टाकून. सर आले. मी बोलावलं नव्हतं, अप्पांनी बोलावलं होतं. अप्पा त्यांच्यासमोर हात जोडून उभे राहिले आणि नवरदेवाला म्हणाले, "हे सर. पोरीला ह्यांनीच कॉम्प्युटर शिकवलं." आणि माझ्याकडे बघितलं, वाक म्हणून. मी वाकले. सरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, अडखळले नाहीत, आणि रंगीत कागदातलं एक चपटं पाकीट माझ्या हातात दिलं.

पाकीट गोल होतं. बोटांना मधलं भोक लागलं तेव्हाच मला कळलं. लोकांना वाटलं असेल, गुरूने शिष्येला विद्या दिली. मला कळलं ते एवढंच, की क्लासमध्ये ती चकती पुन्हा कुणाच्या हाती लागू नये म्हणून त्याने ती माझ्याबरोबर सासरी पाठवली.

संगीता माझ्या मागे करवली म्हणून उभी होती. बीडच्या त्याच एजन्सीत पुढच्या महिन्यात आणखी एक जागा निघणार होती आणि तिने अर्ज केला होता, हे मला ठाऊक होतं. सर जेवायच्या पंगतीकडे वळल्यावर मी पाकीट आणि त्याबरोबर साहेबांनी लिहून दिलेला कागद तिच्या हातात सरकवला. तो कागद मी शालूच्या निऱ्यांत खोचून का ठेवला होता, माझं मला माहीत नाही.

"कुंकू पुसून टाक," मी म्हणाले. "आन् डोळे उघडे ठेव."

"त्यानं परत फॉरमॅट मारला तर?"

"मारू दे."

दुपारी एक ते चार क्लास बंद असायचा आणि सर दार नुसतं लोटून टेबलावर डोकं ठेवून घोरायचे. एवढी एक दुपार संगीताला पुरली. संध्याकाळी त्यांनी फॉरमॅट मारलाच. पण तिने तीन तास बटनं बघून दाबली होती, आणि ते काही त्यांना पुसता आलं नाही. तिला ती जागा मिळाली.

त्यानंतर काही महिन्यांनी मी नवऱ्याबरोबर तेलगावहून अंबाजोगाईला मावशीकडे निघाले होते. गाडी क्लासच्या रस्त्याला लागली आणि मी खिडकीतून बघितलं. बोर्डाखाली आणखी एक बोर्ड लागला होता, 'आमच्या संस्थेची यशस्वी विद्यार्थिनी', आणि त्यावर छापलेला संगीताचा फोटो. पडद्यावरून उचललेला. गालभर गोवराचे ठिपके, उजवा कान कापलेला.

नवऱ्याने विचारलं, "वळखीची हाय का?"

"हाय," मी म्हणाले.

तरी ती हसत होती त्या फोटोत, सगळ्या ठिपक्यांतून. मला तिचं बरं वाटलं, अगदी मनापासून वाटलं. आणि ती नोकरी माझी होती, हेही मला त्याच वेळी वाटलं. गाडी वळेपर्यंत मी डोळे मिटले नाहीत.